हिरवं झालं की पोचलं

गेल्या वर्षी फेब्रुवारीत ठाण्याच्या मित्राचा फोन डोंबिवली स्टेशनवर मारला गेला आणि आमचा रेपो (आमच्या मराठी शुद्धलेखन तपासनिसाच्या फाइली आणि त्यांतल्या बदलांचा इतिहास ठेवायची ऑनलाइन जागा) कुलूपबंद झाला. म्हणजे रेपो जागच्या जागी होता, साऱ्या जगाला दिसत होता, फक्त किल्ली गेली होती. खात्यात शिरताना लागणारा सहा आकडी कोड देणारं ॲप त्या फोनमध्ये. फोन हरवलाच तर वापरायचे रिकव्हरी कोडही त्याच फोनमध्ये, स्क्रीनशॉट काढून 'महत्वाचे' नावाच्या फोल्डरात ठेवलेले.

"निदान त्यात दोन त तरी घालायचेस," मी म्हणालो. शुद्धलेखन तपासनीस चालवणाऱ्या माणसाला याहून वाईट काय बोलणार?

रेपो त्याच्या वैयक्तिक खात्यावर होता, त्यामुळे मालक तो एकटा. मला आणि स्टुटगार्टच्या ताईंना पुश करता यायचं (आपले बदल तिथे चढवता यायचे), इश्यू (लोकांनी नोंदवलेल्या तक्रारी आणि त्यांखालची चर्चा) बंद करता यायचे, पण सेटिंगचं पान उघडायचं नाही. दहा वर्षांत त्याची गरजच पडली नव्हती. कोणी कधी म्हणालंच नाही की बाबा रे, सगळं एकाच्या नावावर नको. जमिनीच्या सातबाऱ्यावर नावं लावायला आपण तलाठ्याकडे दहा खेपा घालतो, आणि इथे फुकटात होणारं काम राहून गेलं.

प्रकल्प काय आहे ते सांगतो, कारण पुढची सगळी भानगड त्याच्या स्वभावातून आली आहे. मराठी शब्दांची यादी आणि तिच्यासोबत प्रत्ययांचे नियम, हन्स्पेलसाठी. हन्स्पेल म्हणजे लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्समध्ये चुकीच्या शब्दाखाली लाल नागमोडी रेघ ओढणारा कारागीर. लास्लो नेमेथ या माणसाने तो हंगेरियन भाषेसाठी रचला, आणि त्या भाषेत प्रत्ययावर प्रत्यय चढतात म्हणून तो आपल्यालाही मानवतो. फाइली दोनच. एकीत शब्द, दुसरीत नियम. शब्दांच्या फाइलीत 'घर' आणि पुढे तिरप्या रेघेनंतर एक आकडा. तो आकडा सांगतो की हा शब्द 'घरा' असं सामान्यरूप घेतो आणि मग 'घराला', 'घरासमोर', 'घरासमोरच्यांना' सगळं चालतं. फाइलीच्या पहिल्या ओळीत एकूण शब्द किती ते लिहायचं. एवढंच. कोड असा जवळजवळ नाहीच.

त्यामुळे रेपो हलवायचा तर अर्ध्या तासाचं काम, असं मी छातीठोकपणे सांगितलं. गिटचा, म्हणजे फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या आमच्या अवजाराचा, हा तर मोठा गुण. प्रत्येकाच्या क्लोनमध्ये, म्हणजे उतरवून घेतलेल्या प्रतीत, सगळा इतिहास असतो. मालकाची परवानगी लागत नाही. मिरर क्लोन घ्या, दुसरीकडे मिरर पुश करा, झालं. शनिवारी जेवणानंतर बसलो तर वामकुक्षीच्या आत होईल. एप्रिलमध्ये सुरू केलं ते जुलैत संपलं.

कुठे जायचं यावर आठवडाभर चर्चा झाली. मित्राला सोर्सहट आवडत होतं, कारण त्या ठिकाणी पॅच, म्हणजे सुचवलेले बदल, ईमेलने पाठवतात आणि त्याला जुन्या पद्धतीचं प्रेम. ताई म्हणाल्या, "शब्द सुचवणारे आपले लोक शिक्षक, मुद्रितशोधक, भाषांतरकार. त्यांना गिटचा पॅच मेल करायला तू शिकवणार आहेस का?" विषय तिथेच मिटला. आपलाच सर्व्हर टाकू, हा विचार माझा होता, आणि तो मीच मागे घेतला. दिवसा मी विम्याच्या सॉफ्टवेअरचे सर्व्हर सांभाळतो. रात्री आणखी एक सांभाळायची हौस नाही.

शेवटी कोडबर्ग ठरलं. बर्लिनमधली नोंदणीकृत ना-नफा संस्था आहे, सभासदांच्या वर्गणीवर आणि देणग्यांवर चालते, आणि मुक्त परवान्याच्या प्रकल्पांसाठीच आहे. खाली चालतं ते फोर्जेजो नावाचं सॉफ्टवेअर. एस्परांतोत त्याचा अर्थ लोहाराची भट्टी. २०२२ च्या शेवटी ते गीटीतून फुटून निघालं, आणि गीटी स्वतः २०१६ मध्ये गॉग्समधून. म्हणजे भाऊबंदकीची परंपरा चांगली जुनी. ताईंना जर्मनीत राहून तिथल्या संस्थांचा अनुभव. त्या म्हणाल्या, "नोंदणीकृत मंडळ आहे, वार्षिक सभा होते, सभासद मत देतात. आपल्या महाराष्ट्र मंडळासारखंच." हे ऐकून मित्र जरा घाबरला, पण तयार झाला.

शनिवारी बसलो. कोडबर्गवर रेपो आयात करण्याचं पान आहे. जुना पत्ता टाकला, खाली चौकोन दिसले: विकी, लेबलं, इश्यू, पुल रिक्वेस्ट (दुसऱ्यांनी पाठवलेले बदल), रिलीज. विकीच्या चौकोनात खूण झाली, बाकीचे राखाडी. दाबून पाहिले, दबले नाहीत. म्हटलं, येत नसतील. आयात दाबलं. मिनिटाभरात सगळा इतिहास, २००९ पासूनचे कमिट (एकेका बदलाच्या नोंदी), ब्रँच, टॅग हजर. गटावर लिहिलं, "कोड आला. इश्यू येत नाहीत, ते सोडून द्यावे लागतील."

ताईंनी फोनच केला. त्या सहसा फोन करत नाहीत.

"अहो, इश्यू सोडून मग आणलंत काय? फाइल तर माझ्या पेनड्राइव्हवरही आहे."

खरं होतं. शब्दांच्या फाइलीत 'कोट्यवधी' आहे आणि 'कोट्यावधी' नाही, एवढंच कळतं. का नाही, हे इश्यूत आहे. इश्यू ५८ मध्ये 'दऱ्या'ची हकीकत आहे. हा शब्द दोन तऱ्हांनी टंकता येतो: एक ऱ, हलन्त आणि य, दुसरा साधा र, हलन्त, मग शून्य रुंदीचा जोडक (डोळ्यांना न दिसणारं चिन्ह), मग य. कागदावर दोन्ही हुबेहूब. संगणकाला मात्र ते वेगवेगळे शब्द, आणि निम्म्या लोकांना बरोबर लिहूनही लाल रेघ दिसायची. कोणता ठेवायचा आणि दुसरा आत येतानाच बदलून कसा घ्यायचा, हे तिथे तीन महिने चाललं होतं. अ वर चंद्र देऊन 'ॲ' लिहायचं की 'ऍ', त्याचं वेगळं. युनिकोडने 'ॲ' २००८ मध्ये घेतला, त्याआधीच्या मजकुरात वाटेल ते होतं.

आणि इश्यू २१२. 'केलं, गेलं, घरं, सगळं' घ्यायचे की 'केले, गेले, घरे, सगळे' एवढेच ठेवायचे? १९६२ च्या लेखननियमांत अशी रूपं बोलण्यासारख्या लेखनात चालतील असं म्हटलं आहे. पण लोक आता सरसकट तसंच लिहितात, मीही लिहितोय. या इश्यूखाली चौऱ्याण्णव प्रतिक्रिया आहेत. त्यात एक निवृत्त मुख्याध्यापिका आणि एक जाहिरात लिहिणारा मुलगा असे भांडलेत, आणि शेवटी असे एकमेकांना पटलेत, की ते वाचून मला नियम समजला. ते टाकून द्यायला मी निघालो होतो, चौकोन राखाडी होते म्हणून.

चौकोन राखाडी का होते, तर मी टोकन, म्हणजे जुन्या ठिकाणच्या खात्याची ओळख पटवणारी अक्षरमाळ, दिलं नव्हतं. त्याच पानावर लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. जुन्या ठिकाणाहून इश्यू एकेक करून मागावे लागतात. ओळख न देता तासाला ६० वेळाच मागता येतं, टोकन दाखवलं की ५०००. माझ्या खात्याचं टोकन चाललं, मालकाचं लागलं नाही, कारण रेपो सार्वजनिक. चौकोन उजळले. पण आता दुसरी अडचण: इश्यू आणता येतात ते फक्त रेपो पहिल्यांदा आयात करताना. आधीच आलेल्या रेपोत मागाहून भरता येत नाहीत. म्हणजे आधीचा पुसून नव्याने. तोवर ताईंनी नव्या रेपोत इश्यू क्रमांक १ उघडलाही होता. त्याचं नाव होतं 'इश्यू कुठे आहेत?' तो पुसला गेला. त्या अजून ऐकवतात.

दुसऱ्या खेपेला वेळ लागला. आकडा हळूहळू चढत होता, मी दोनदा चहा घेतला. संपल्यावर पहिलं काम केलं ते २१२ उघडायचं. २१२ म्हणजे २१२ च होता. हे महत्त्वाचं असतं, कारण कमिटच्या संदेशांत आम्ही जागोजाग 'पाहा #२१२' लिहून ठेवलंय. आमच्या जुन्या ठिकाणी इश्यू आणि पुल रिक्वेस्ट एकाच क्रमांकमालेत चालायचे, फोर्जेजोतही तसंच, म्हणून जमलं. ३४७ च्या ३४७ जागेवर बसले. प्रतिक्रियांवर मूळ लिहिणाऱ्याचं नाव राहतं, तिकडून आणलंय अशी खूण असते, पण नावावर टिचकी मारली तर त्या माणसाच्या नव्या पानावर जात नाही, कारण तो माणूस इथे राहायला आलेलाच नाही. टोकन मी काम झाल्यावर रद्द केलं. ते करायला लोक विसरतात.

कमिटची यादी खाली सरकवत नेली, २०१० पर्यंत, आणि तिथे माझाच चेहरा दिसायला लागला. पानांमागून पानं.

ते कमिट माझे नव्हते.

सातारचे मास्तर आमच्याकडे २०१० मध्ये आले. माध्यमिक शाळेतून निवृत्त, मग छापखान्यात मुद्रितं तपासायचे. वर्तमानपत्रात आमच्याबद्दल चार ओळी आल्या होत्या, त्या वाचून त्यांनी पत्र पाठवलं. आंतरदेशीय. त्यात यादीतल्या ४१ चुका, पानाच्या समासात मुद्रितशोधनाच्या खुणांसकट. मी साताऱ्याला गेलो, त्यांच्या नातीच्या संगणकावर टॉर्टॉइस एसव्हीएन बसवून दिलं. तेव्हा आम्ही सबव्हर्जनवर होतो (गिटसारखंच, पण जुनं अवजार), गूगल कोड या गूगलच्या ठिकाणी. टॉर्टॉइसमध्ये फाइलीच्या चित्रावर छोटी खूण येते, बदल केला की लाल, कमिट झाला की हिरवी. मास्तरांना मी रिपॉझिटरी, रिव्हिजन वगैरे समजावत होतो. त्यांनी मधेच थांबवलं. "म्हणजे लाल असलं तर माझ्याकडं हाय. हिरवं झालं की पोचलं. बरोबर?" बरोबर. दहा वर्षांत कोणाही शिकाऊ माणसाला मी याहून चांगलं सांगू शकलेलो नाही.

पुढची चार वर्षं ते रोज सकाळी दहा-पंधरा शब्द तपासायचे आणि कमिट करायचे. संदेशात कारण: 'उज्ज्वल, दोन ज. उत् अधिक ज्वल.' 'आशीर्वाद, शी दीर्घ. आशीः अधिक वाद.' असे ११०४ कमिट. प्रकल्पात इतके कोणाचेच नाहीत, माझेही नाहीत.

१२ मार्च २०१५ ला गूगलने गूगल कोड बंद करत असल्याचं जाहीर केलं. ऑगस्टपासून फक्त वाचता येणार, २५ जानेवारी २०१६ ला दार बंद. मला तेव्हा नोकरीत शिफ्ट होती, घरात तीन महिन्यांची मुलगी होती. सबव्हर्जनच्या नोंदीत लेखकाचं एक नाव असतं, गिटला नाव आणि ईमेल दोन्ही लागतं, म्हणून बदलताना एक यादी द्यावी लागते: तिकडचा अमुक म्हणजे इकडचा तमुक, त्याचा ईमेल हा. मास्तरांसाठी खातं मीच काढलं होतं आणि ते मेल कधीच उघडायचे नाहीत. नव्या ठिकाणी त्यांचं खातं उघडायचं तर पडताळणीचा मेल त्यांना फोनवर समजावून उघडायला लावायचा. रात्रीचे दीड वाजले होते. मी त्यांच्या नावापुढे माझा ईमेल टाकला. नाव तर त्यांचंच राहतंय, नंतर दुरुस्त करू.

पण ही सगळी ठिकाणं माणूस ओळखतात ती ईमेलवरून. नाव कोणी बघत नाही. तेव्हापासून मास्तरांचा प्रत्येक कमिट माझ्या फोटोखाली, माझ्या खात्यात जमा. मास्तर २०१८ मध्ये गेले. त्यांनी ते पान कधी पाहिलं नाही, त्यांचं काम लाल-हिरव्यावर भागत होतं. एका मुलाखतीत मला विचारलंही होतं, "इतकी वर्षं सातत्याने योगदान, कसं जमवता?" मी काहीतरी बोललो होतो. काय बोललो ते इथे लिहीत नाही.

दुरुस्तीचे मार्ग दोन. एक सोपा: रेपोत मेलमॅप नावाची फाइल ठेवायची, तिच्यात लिहायचं की या नावाचा हा ईमेल असेल तर तो खरा त्या ईमेलचा समजा. इतिहासाला हात लागत नाही, 'गिट शॉर्टलॉग'मध्ये, म्हणजे कोणाचे किती कमिट त्या यादीत, नीट मोजणी येते, पण मुळातली नोंद चुकीची ती चुकीचीच. दुसरा मार्ग इतिहासच पुन्हा लिहायचा. गिटमध्ये प्रत्येक कमिटच्या पोटात आधीच्या कमिटचा हॅश, म्हणजे त्याच्या मजकुरावरून निघालेली ओळखखूण, असतो, म्हणून २०१० मधली एक नोंद बदलली की तिथून आजपर्यंतचे सगळे हॅश बदलतात. ज्यांच्याकडे जुना क्लोन आहे त्यांचं आपल्याशी जमणं बंद.

मित्र या दुसऱ्या मार्गाच्या ठार विरोधात. "इतिहास बदलायचा नाही, हा पहिला धडा आहे. मेलमॅप टाक आणि झोप." ताईंचं म्हणणं उलट. "पत्ता तर बदलतोच आहे, क्लोन तर सगळ्यांना नव्याने घ्यावाच लागणार आहे. आत्ता नाही तर परत कधीच नाही." मी मत दिलं नाही. माझ्या मताला किंमत नव्हती, चोरी माझी होती.

मास्तरांच्या मुलाला फोन केला. तो बँकेत आहे. आधी त्याला वाटलं कर्जासाठी फोन आहे.

"बाबांचं नाव तुमच्या तिथं अजून हाय?"

"आहे. पण माझ्या फोटोखाली आहे."

तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मग फोटो काढा की."

मित्राला हे सांगितलं. तो म्हणाला, ठीक आहे, पण जुन्या-नव्या हॅशची जोडयादी ठेवायची. ती आपसूक मिळते. गिट फिल्टर-रेपो हे अवजार काम संपवताना कोणत्या जुन्या कमिटचा कोणता नवा झाला याची फाइल लिहून ठेवतं. हे अवजार शहाणं आहे. ताजा क्लोन नसेल तर चालायलाच नकार देतं, आणि काम झाल्यावर ओरिजिनचा (क्लोन जिथून घेतला तिथला) पत्ता काढून टाकतं, म्हणजे घाईत बदललेला इतिहास जुन्या ठिकाणी ढकलला जाऊ नये. त्याला मेलमॅपच द्यायची, फक्त आता ती कायमची लागू होते. मी एक ओळ लिहिली. डावीकडे मास्तरांचं नाव आणि त्यांचा तो कधीच न उघडलेला ईमेल, उजवीकडे त्यांचंच नाव आणि माझा ईमेल. चालवलं. काही सेकंद लागले असतील. मग शॉर्टलॉग काढला, आणि पहिल्या ओळीवर ११०४ आणि मास्तरांचं नाव. मी तिसरा.

हॅश बदलल्याने इश्यूंमध्ये ६१ ठिकाणी जुना हॅश लिहिलेला लोंबकळत राहिला. मित्र स्क्रिप्टने सगळ्या प्रतिक्रिया बदलायला निघाला होता, ताईंनी अडवलं. दुसऱ्याच्या सहीखालचा मजकूर आपण बदलायचा नाही. म्हणून त्या ६१ ठिकाणी खाली नवी प्रतिक्रिया: 'जुना अमुक म्हणजे आता तमुक.' दोन रात्री गेल्या. मुद्रितशोधक मास्तरांना हे आवडलं असतं, ते मूळ प्रत खोडायचे नाहीत, समासात लिहायचे.

इतिहास उघडलाच होता म्हणून आणखी एक जुनं दुखणं काढलं. ताईंच्या मॅकवर क्लोन घेतला की काही न करता लगेच 'बदललेली फाइल आहे' असं दिसायचं. पाच वर्षं त्या ते दुर्लक्षित करत होत्या. फाइल होती 'वऱ्हाडी' नावाची, बोलीतल्या शब्दांची. गिट देवनागरी नावं सरळ दाखवत नाही, तिरप्या रेघा आणि अष्टमान आकडे दाखवतं. 'म' असेल तर ३४०, २४४, २५६. त्यामुळे यादीत नजर टाकून काही कळत नाही. 'कोअर कोटपाथ' ही सेटिंग बंद केली आणि मग दिसलं: 'वऱ्हाडी' दोनदा. एकाखाली एक, तंतोतंत सारखी. पुन्हा तोच ऱ. युनिकोडमध्ये ऱ हा एक अक्षरबिंदू आहे, आणि र खाली नुक्ता असा दोन बिंदूंचाही लिहिता येतो. जुन्या मॅकची फाइलव्यवस्था नावं अशी सुटी करून ठेवायची. कोणीतरी कधीतरी तशा मॅकवरून फाइल घातली, लिनक्सला त्या दोन वेगळ्या वाटल्या, मॅकला एकच. एका नावात दोन फाइली मावेनात, म्हणून ती कायम बदललेली. दोन्हींतले शब्द एकत्र केले, एक काढली. इश्यू ५८ मध्ये आम्ही तीन महिने याच अक्षरावर घालवले होते आणि आमच्याच फोल्डरात ते लपून बसलं होतं.

चाचण्यांचं थोडक्यात. प्रत्येक पुशनंतर आपोआप तपासणी व्हायची: पहिल्या ओळीतला आकडा जुळतो का, शब्द दुबार नाहीत ना, शंभर ठरावीक वाक्यांत लाल रेघ येत नाही ना. कोडबर्गवर यासाठी वुडपेकर आहे, पण ते वापरायला आधी विनंती करावी लागते, यंत्रं देणगीची आहेत म्हणून. जुनी तपासणीची फाइल तशीच्या तशी चालत नाही, नव्याने लिहावी लागली. लिहिताना लक्षात आलं की आम्ही एका शब्दासाठी पाच वेगवेगळ्या यंत्रणांवर तपासणी चालवत होतो. एकीवर आणली. कोणाचंही काही अडलं नाही.

आता जुन्या घराला पाटी लावायची होती. रेपोच्या दर्शनी दिसणाऱ्या वाचा-मला (रीडमी) फाइलीत नवा पत्ता लिहायचा अधिकार मला होता, पण रेपो गोठवायचा, म्हणजे कोणी चुकून तिथे नवे इश्यू टाकू नयेत, हे मालकाचंच काम. मित्राची खातं परत मिळवण्याची सगळी दारं ठोठावून झाली होती. मग जूनमध्ये त्याला आठवलं की त्याचा जुना लॅपटॉप बदलापूरला भाच्याकडे आहे, गेम खेळायला दिलेला. पोराने ब्राउझर पुसला नसेल तर. आम्ही दोघं रविवारी गेलो. बाहेर पाऊस, लॅपटॉपचा एक की-कॅप गायब, आणि ब्राउझर उघडल्यावर कोपऱ्यात मित्राचा दहा वर्षांपूर्वीचा फोटो. लॉगिन जिवंत होतं. पासवर्ड विचारला, तो त्याला पाठ होता. त्याने रेपो गोठवला, बहिणीने भजी आणली, आम्ही टाळ्या दिल्या.

घरी येताना लोकलमध्ये मी फोनवर पाटी उघडून पाहिली. नव्या पत्त्यात एक अक्षर कमी होतं. मीच टंकलं होतं. गोठवलेल्या रेपोत आता कोणालाच काही बदलता येत नव्हतं. कल्याणला उतरून परत बदलापूर. भाचा गेम खेळत होता, त्याला पुन्हा उठवलं. गोठवलेलं सोडवलं, अक्षर घातलं, पुन्हा गोठवलं. तीन जणांनी मोठ्याने वाचून मग. मास्तर म्हणायचे, स्वतःचं मुद्रित स्वतः तपासू नये.

नव्या घराची एक प्रत सॉफ्टवेअर हेरिटेज या सार्वजनिक कोड जपून ठेवणाऱ्या संग्रहातही जमा करून ठेवली. आणि मालक आता तीन आहेत. संस्थेच्या नावाने खातं काढलं, तिघांकडे रिकव्हरी कोड कागदावर छापून. माझा देवघराच्या ड्रॉवरमध्ये आहे, विजेच्या बिलांखाली.

हिशेब लावायचा तर जुन्या ठिकाणी लोकांनी पसंतीची खूण म्हणून दिलेले ८३ तारे गेले, त्यांचं दुःख एका दिवसात ओसरलं. नियमित येणाऱ्या नऊ जणांपैकी पाच आले. दोघांनी सरळ सांगितलं की आणखी एक खातं काढायचा कंटाळा येतो. त्यांचं चूक नाही. नोव्हेंबरमध्ये झिग ही प्रोग्रॅमिंग भाषा कोडबर्गवर आली तेव्हा मित्राने बातमी गटावर टाकून खाली लिहिलं, "आपल्या मागोमाग." त्यांच्या मानाने आपण म्हणजे टपरी. पण तो दिवसभर खूश होता.

मागच्या आठवड्यात अकोल्याहून एका भाषांतरकार बाईंचा मेल आला. त्यांच्याकडे २०१४ ची आवृत्ती, त्यात 'कोट्यवधी'खाली लाल रेघ येते. त्यांनी जुन्या पत्त्यावर तक्रार नोंदवायचा प्रयत्न केला होता, पाटी वाचली, नव्या ठिकाणी खातं मागतात म्हणून मागे फिरल्या. त्यांना नवी आवृत्ती पाठवली. तर उत्तरात आणखी सतरा शब्द आले, वऱ्हाडातले, अर्थासकट, आणि खाली एक ओळ: "खातं काढावंच लागेल का?"

नाही म्हटलं. शब्द मीच घातले. कमिट करण्याआधी लेखकाच्या रकान्यात त्यांचं नाव टंकलं, आणि मग थांबून त्यांना विचारलं, ईमेल कोणता लावू.